रोजचे ३०० ग्रॅम : वय वाढते तेव्हा पेशींच्या सफाईचे काय होते?

सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसाचे शरीर दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम प्रथिने मोडते आणि जवळपास तेवढीच नव्याने बांधते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलोच्या पुरुषाला आहारातून दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की हिशेब कळतो. रोजच्या बांधणीला लागणाऱ्या मालापैकी पाचातला जेमतेम एक भाग ताटातून येतो, उरलेले चार भाग जुनी प्रथिने मोडून मिळतात. शरीरातला एकूण साठा दहा-अकरा किलो धरला, तर त्यातला सुमारे तीन टक्के रोज बदलतो.

म्हातारपणी शरीरात ‘घाण साचते’ असे आपण सहज म्हणतो. साचणे दिसते हे खरे, पण साचण्याला दोन कारणे असू शकतात : घाण जास्त होणे किंवा निचरा कमी होणे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या प्रयोगांचे आकडे दुसऱ्या कारणाकडे अधिक ठामपणे बोट दाखवतात. हा निचरा सगळीकडे सारखा घटत नाही, एकाच वयात घटत नाही, आणि घटलेला निचरा वाढवणे दर वेळी हिताचे ठरत नाही.

आधी पेशींचा हिशेब. शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील रॉन सेंडर आणि रॉन मिलो यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार त्यांतल्या सुमारे ३३ हजार कोटी पेशी रोज मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. सेकंदाला हा आकडा ३८ लाख होतो. संख्येने पाहिले तर शरीराचा एक टक्का रोज नवा होतो. वजनाने पाहिले तर बदल फक्त ८० ग्रॅमचा, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आसपास, कारण बदलणाऱ्या पेशींपैकी ८६ टक्के रक्तातल्या असतात आणि त्या लहान असतात. आणखी १२ टक्के आतड्याच्या अस्तराच्या. या दोघांनीच ९८ टक्के संपतात. बाकीच्या सगळ्या अवयवांच्या वाट्याला दोन टक्के उरतात.

वार्धक्याचा प्रश्न त्या दोन टक्क्यांत आहे. रक्तातली किंवा आतड्यातली पेशी खराब झाली तर शरीर ती टाकून देते आणि तिच्यातला कचरा तिच्याबरोबर जातो. हृदयाच्या स्नायूपेशीला ही सोय जवळपास नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्ये याचे मोजमाप केले. शीतयुद्धाच्या काळात हवेतल्या अणुचाचण्यांनी वातावरणात किरणोत्सारी कार्बन वाढला होता. पेशीच्या डीएनएत तो किती आहे यावरून पेशीचे जन्मवर्ष काढता येते. त्यातून निघालेला दर असा : पंचविसाव्या वर्षी हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला एक टक्का बदलतात, पंचाहत्तराव्या वर्षी ०.४५ टक्के. पूर्ण आयुष्यात निम्म्याहून कमी पेशी बदलल्या जातात. मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशींचे वय तर माणसाच्या वयाएवढेच भरते. ऐंशी वर्षांच्या आजीबाईंच्या या चेतापेशी ऐंशी वर्षांच्या असतात, आणि टाकून देण्याची सोय नसल्याने त्यांना स्वतःच्या आतच सफाई करावी लागते.

पेशीच्या आत सफाईच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली सुट्या प्रथिनांसाठी. नको असलेल्या प्रथिनाला ७६ अमिनो आम्लांचे युबिक्विटिन नावाचे छोटे प्रथिन खूण म्हणून चिकटवले जाते आणि खूण लागलेले प्रथिन प्रोटिअसोममध्ये तुकडे होऊन संपते. ही खूण शोधल्याबद्दल आरोन सिकानोव्हर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसरी वाट मोठ्या मालासाठी : निकामी तंतुकणिका, प्रथिनांच्या गुठळ्या, पेशीतल्या पटलांचे तुकडे. हा माल दुहेरी पटलाच्या पिशवीत बांधला जातो, पिशवी लायसोसोमला जाऊन मिळते आणि तिथली विकरे माल विरघळवतात. याला स्वभक्षण म्हणतात. लायसोसोम १९५५ मध्ये ओळखणाऱ्या क्रिस्तियान द दूव्ह यांनी १९६३ मध्ये या क्रियेला ऑटोफॅजी हे नाव दिले. पुढची तीस वर्षे ती कोणत्या जनुकांवर चालते हे कळले नव्हते. १९९३ मध्ये जपानमध्ये योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमधली अशी १५ जनुके वेगळी काढली. २०१६ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले.

स्वभक्षण किती तातडीचे आहे हे उंदरांच्या पिलांवरून कळते. जन्मल्यावर नाळेचे पोषण तुटते आणि अंगावरचे दूध सुरू होईपर्यंत मधे खंड पडतो. त्या काळात स्वभक्षण वाढते आणि पिलू स्वतःच्याच प्रथिनांवर निभावते. टोकियोच्या नोबोरू मिझुशिमा यांच्या गटाने २००४ मध्ये ‘एटीजी-५’ हे जनुक नसलेली पिले वाढवून पाहिली. जन्मतः ती जवळपास निरोगी दिसत होती, पण एका दिवसाच्या आत मेली. २००६ मध्ये जपानमधल्याच दोन गटांनी स्वभक्षण फक्त मेंदूच्या पेशींत बंद केले. त्या उंदरांना कोणताही रोगकारक दोष दिलेला नव्हता, तरी चेतापेशींत प्रथिनांच्या गुठळ्या जमल्या आणि हालचालींवरचा ताबा सुटला. निचरा थांबवणे एवढेच आजारासाठी पुरेसे ठरले.

आता वयाकडे येऊ. घट कुठे होते याचे सर्वांत नेमके उत्तर तिसऱ्या एका वाटेवर मिळाले. पेशीतल्या सुमारे ३० टक्के विद्राव्य प्रथिनांवर पाच अमिनो आम्लांची एक खूण असते. ती ओळखून एक साहाय्यक प्रथिन त्यांना थेट लायसोसोमपर्यंत नेते, पिशवी लागत नाही. आत जायला दार एकच, ‘लॅम्प-२ ए’ नावाचे ग्राहक प्रथिन. आना मारिया कुएर्व्हो आणि फ्रेड डाइस यांनी २००० मध्ये दाखवले की २२ महिन्यांच्या म्हाताऱ्या उंदरांत ही वाट मंदावते, आणि ती मंदावते कारण लायसोसोमवरचा हा ग्राहक कमी होतो. मोडायची प्रथिने तीच, लायसोसोम हजर, दारे कमी. आठ वर्षांनी कुएर्व्हो यांच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगशाळेने उलटा प्रयोग केला. उंदरांच्या यकृतात या ग्राहकाचे प्रमाण म्हातारपणीही तरुणांइतके टिकवले. २२ महिन्यांच्या वयात त्या यकृतांत बिघडलेली प्रथिने कमी निघाली आणि यकृताचे काम तरुण उंदरांच्या जवळपास होते. एका प्रथिनाची संख्या टिकवल्याने एवढा फरक पडतो, हा निचऱ्याच्या बाजूचा सर्वांत ठोस पुरावा मी मानतो.

सफाईच्या जोडीला पेशीत संकटाची व्यवस्थाही असते. तिचा शोध १९६२ मध्ये इटलीत फेरुच्चो रितोस्सा यांना लागला. फळमाशीच्या अळ्या नेहमीपेक्षा जास्त उष्ण ठेवल्या गेल्या आणि त्यांच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले. ठरावीक जनुके एकदम कामाला लागल्याची ती खूण होती. या जनुकांपासून बनणारी प्रथिने उष्णतेने घडी विस्कटलेल्या इतर प्रथिनांना सावरतात. जी सावरत नाहीत ती मोडणीकडे जातात. ताप, विष, ऑक्सिजनची कमतरता अशा अनेक आघातांना पेशी हेच उत्तर देते.

हे उत्तर कधी कमजोर होते? सूत्रकृमीत याचा आकडा चार तासांचा आहे. सी. एलेगन्स हा एक मिलिमीटर लांबीचा कृमी दोन ते तीन आठवडे जगतो. अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जॉन लबाडिया आणि रिचर्ड मोरिमोटो यांनी २०१५ मध्ये दाखवले की प्रौढपणाच्या अगदी सुरुवातीला, अंडी घालणे सुरू होते त्याच सुमारास, चार तासांच्या अवधीत उष्णतेला मिळणारे जनुकांचे उत्तर झपाट्याने खाली येते. अठरा दिवसांच्या आयुष्यात चार तास म्हणजे एक टक्काही नाही. कृमी त्या वेळी म्हातारा नसतो, त्याची हालचाल पूर्ण असते, प्रजनन नुकतेच सुरू झालेले असते. ही झीजही नाही. जनुकांच्या जागेवर रासायनिक खुणा बसून ती आवळली जातात, आणि तसा इशारा प्रजननपेशींकडून येतो. तो इशारा रोखला की उत्तर टिकते. म्हातारपणी दिसणाऱ्या दुबळेपणाची एक मुळी तारुण्याच्या पहिल्या दिवशी सापडते, असा याचा अर्थ.

सस्तन प्राण्यांत इतकी तीव्र घसरण दिसलेली नाही. मोठ्या जातीच्या उंदरांच्या यकृतपेशींत १९९३ मध्ये मोजलेले उष्णतेचे उत्तर म्हाताऱ्या उंदरांत कमी होते, आणि आयुष्यभर कमी खाऊ घातलेल्या म्हाताऱ्या उंदरांत ही घट बरीचशी भरून निघाली. माणसाच्या त्वचेच्या पेशींवर २००० मध्ये झालेल्या एका लहान अभ्यासात वयाबरोबर प्रोटिअसोमचे काम घटलेले दिसले. अपवाद होता शंभरी गाठलेल्या निरोगी लोकांचा. त्यांच्या पेशी तरुणांच्या पेशींच्या जवळ होत्या. शंभरी गाठल्यामुळे पेशी चांगल्या राहिल्या की चांगल्या पेशींमुळे शंभरी गाठली, हे अशा एका वेळच्या मोजणीतून ठरत नाही.

इथून आकडे एकमेकांना छेद देऊ लागतात.

२०१७ मध्ये अमेरिकेतील मॅलेन हॅन्सन यांच्या गटाने सूत्रकृमीच्या वेगवेगळ्या ऊतींतल्या स्वभक्षणाच्या पिशव्या वयानुसार मोजल्या. वय वाढले तशी पिशव्यांची संख्या वाढली. एवढाच आकडा हाती असता तर म्हातारपणी सफाई वाढते असा निष्कर्ष निघाला असता. पिशव्या पुढे विरघळतात किती हे तपासले तेव्हा निघालेले उत्तर उलटे होते : निचऱ्याचा वेग घटला होता. रस्त्यावर कचऱ्याच्या गाड्या जास्त दिसल्या म्हणून कचरा जास्त उचलला जातो असे नसते. डेपोच्या दाराशी रांग लागली तरी गाड्या जास्तच दिसतात. स्वभक्षणावरचा कोणताही दावा वाचताना त्यात साठा मोजला आहे की प्रवाह, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्याच वर्षी जर्मनीतल्या माइन्झच्या संशोधकांनी कृमींत स्वभक्षण सुरू करून देणारी जनुके दोन वेगळ्या वयांत बंद केली. तारुण्यात बंद केल्यास आयुष्य घटते हे माहीत होते. प्रजननाचा काळ उलटल्यावर बंद केली तर आयुष्य वाढले, आणि हा परिणाम मुख्यतः चेतापेशींतून आला. संशोधकांचे स्पष्टीकरण असे की म्हातारपणी क्रिया मध्येच अडकते, आणि अर्धवट अडकलेले स्वभक्षण मुळीच नसण्यापेक्षा जास्त हानी करते. वरच्या पिशव्यांच्या मोजणीशी हे जुळते. डेपोचे दार अडले असेल तर आणखी गाड्या सोडून फायदा होत नाही.

तिसरा आकडा कर्करोगाचा. केंब्रिजच्या गटाने २०२० मध्ये उंदरांत स्वभक्षण हवे तेव्हा बंद-चालू करण्याची सोय केली. बंद केले की उंदीर लवकर म्हातारे झाले. पुन्हा चालू केले की त्यांतली काही लक्षणे मागे गेली, आयुष्यही काहीसे वाढले, पण या उंदरांत गाठींचे प्रमाण कधीही बंद न केलेल्या उंदरांपेक्षा जास्त निघाले. स्वभक्षण पेशीला जगवते. पेशी आधीच बिघडलेली असेल तर तिलाही ते जगवते.

आयुष्य वाढवल्याचे आकडे ओळीने लावले तर आणखी एक गोष्ट दिसते. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांनी ‘डाफ-२’ या एका जनुकातल्या बदलाने सूत्रकृमीचे आयुष्य दुप्पट केले, म्हणजे १०० टक्क्यांची वाढ. स्वभक्षण बंद असेल तर ही वाढ मिळत नाही, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. २००८ मध्ये फळमाशीच्या चेतापेशींत स्वभक्षणाचे एक जनुक वाढवून सरासरी आयुष्य ५६ टक्क्यांनी वाढले. २०१३ मध्ये उंदरांत ‘एटीजी-५’ वाढवल्यावर मध्यक आयुष्य १७.२ टक्क्यांनी वाढले. शंभर, छप्पन्न, सतरा. उपाय वेगळे असल्याने हे आकडे एका फूटपट्टीवर बसत नाहीत, पण उतार नजरेआड करण्याजोगा नाही. प्राणी जितका दीर्घायुषी, तितका एका जनुकातून मिळणारा लाभ आजवर कमी निघाला आहे.

औषधांत रॅपामायसिनचा आकडा सर्वांत वजनदार आहे. १९६४ च्या मोहिमेत ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून हे द्रव्य मिळाले, आणि कॅनडातल्या प्रयोगशाळेत त्यावर काम करणारे मुख्य शास्त्रज्ञ होते भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सेहगल. स्वभक्षणावर लगाम ठेवणारे ‘एमटॉर’ हे प्रथिन ते रोखते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या आसपासच्या, उंदरांना ते दिले. ९० टक्के उंदीर मरेपर्यंतचे वय धरले तर माद्यांत १४ टक्के आणि नरांत ९ टक्के वाढ मिळाली. उशिरा सुरू करूनही लाभ मिळाला, हे यातले मोलाचे. पण रॅपामायसिन प्रथिनांची बांधणीही कमी करते आणि रोगप्रतिकारशक्तीही दाबते. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी. या १४ टक्क्यांत स्वभक्षणाचा वाटा किती, हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही.

माणसांत आकडे लगेच लहान होतात. अमेरिकेतल्या ‘कॅलरी’ चाचणीत लठ्ठ नसलेल्या सुमारे २२० प्रौढांनी दोन वर्षे भाग घेतला. ज्यांना कमी खायचे होते त्यांचे लक्ष्य २५ टक्के कपातीचे होते. प्रत्यक्षात साधली सुमारे १२ टक्के. २०२३ मध्ये त्यांच्या रक्तावर वार्धक्याची तीन जैविक घड्याळे लावली. एकात वार्धक्याचा वेग दोन ते तीन टक्क्यांनी कमी दिसला, उरलेल्या दोनांत लक्षणीय फरक नव्हता. ही चाचणी आयुष्य मोजणारी नव्हती आणि स्वभक्षणही तिने थेट मोजलेले नव्हते.

‘सोळा तास उपास केला की स्वभक्षण सुरू होते’ हे वाक्य मराठी घरांतही आता ऐकू येते. उंदरांत २४ तासांच्या उपासाने यकृत आणि स्नायूंत स्वभक्षण वाढते, हे मोजलेले आहे. मात्र एका दिवसाच्या उपासात उंदराचे वजन दहा टक्क्यांहून जास्त घटते. सत्तर किलोच्या माणसाला तेवढे घटवायला सात किलो उतरावे लागतील. उंदराचे तास माणसाच्या घड्याळावर उतरवता येत नाहीत. ज्या मेंदूसाठी आपण काळजी करतो, त्यात २००४ च्या जपानी मोजणीत उपासाने वाढ दिसली नव्हती. २०१० मध्ये दुसऱ्या गटाला दिसली. प्रश्न अजून मिटलेला नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर केलेल्या उपासाला तर हा तर्क लागूच होत नाही, कारण साबुदाणा हा जवळपास निव्वळ स्टार्च आहे, त्याने इन्सुलिन वाढते आणि इन्सुलिन स्वभक्षण रोखते. उपासामागची श्रद्धा हा वेगळा विषय आहे. तिला पेशीविज्ञानाच्या आधाराची गरज नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी मात्र या वाक्यावर विसंबून लांब उपास करू नयेत. त्यांत रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

उष्णतेच्या बाजूला फिनलंडचा आकडा आहे. ४२ ते ६० वयाच्या २,३१५ पुरुषांवर सुमारे २० वर्षे लक्ष ठेवले. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना, म्हणजे तापवलेल्या खोलीतले उष्णस्नान, घेणाऱ्यांत एकूण मृत्यू एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी होते. यात स्त्रिया नव्हत्या, आणि आधीपासून धडधाकट असलेलेच जास्त वेळा सौनाला जातात ही शक्यता पूर्ण पुसता येत नाही. याच्या उलट टोकाला २००३ चा उन्हाळा आहे. फ्रान्समध्ये ऑगस्टच्या पहिल्या वीस दिवसांत सुमारे १५ हजार जादा मृत्यू झाले आणि त्यांतले बहुसंख्य ७५ च्या वरचे होते. त्या मृत्यूंत घाम, हृदय, औषधे आणि एकटेपणा यांचा वाटा पेशींच्या उत्तराहून मोठा असणार. पण विदर्भातल्या मे महिन्यात घरातल्या सत्तरीच्या माणसाला ‘थोडी सवय होऊ दे’ म्हणून उन्हात बसवायला सौनाचा आकडा आधार देत नाही.

आता आपल्याकडचे आकडे. भारतात २०११ मध्ये साठीच्या वरचे लोक १०.४ कोटी होते, लोकसंख्येच्या ८.६ टक्के. २०२१ चा अंदाज १३.८ कोटी आणि १०.१ टक्के, २०३१ चा १९.४ कोटी आणि १३.१ टक्के. या दहा वर्षांत ज्येष्ठ ४० टक्क्यांनी वाढतील, एकूण लोकसंख्या ८.४ टक्क्यांनी. महाराष्ट्र देशाच्या पुढे आहे : २०२१ मध्ये ११.७ टक्के, २०३१ मध्ये १५ टक्के.

मेंदूतल्या निचऱ्याशी सर्वांत जवळचा आजार स्मृतिभ्रंशाचा. अल्झायमर आणि पार्किन्सन या दोन्हींत प्रथिनांचे साठे आढळतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीवरच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. २०३६ पर्यंत हा आकडा १.६९ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. यातली फोड महत्त्वाची आहे. स्त्रियांत प्रमाण ९ टक्के, पुरुषांत ५.८. खेड्यांत ८.४ टक्के, शहरांत ५.३. लायसोसोम खेड्यात आणि शहरात वेगळे नसतात. दीडपटीहून जास्त असलेला हा फरक शिक्षण, पोषण आणि उपचार यांच्याकडे पाहायला लावतो. शिकलेल्यांत हे प्रमाण कमी असल्याचे त्याच पाहणीत दिसते. पेशीविज्ञानावर खर्च व्हावा असे मला वाटतेच, पण या ८८ लाखांपैकी किती जण टाळता आले असते याचे उत्तर आज प्रयोगशाळेपेक्षा शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्यात अधिक सापडेल.

वार्धक्याची लक्षणे म्हणून शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये नऊ गोष्टी मोजल्या होत्या. २०२३ मध्ये त्या बारा झाल्या, आणि नव्या तिनांपैकी एक म्हणजे मंदावलेले स्वभक्षण. दहा वर्षांत विषय तळटिपेतून यादीत आला. बाजारात तो त्याच्याही आधी आला होता. ‘ऑटोफॅजी वाढवणारी’ गोळी विकायला आली तर विकणाऱ्याला विचारावे : मोजणी कोणत्या प्राण्यात झाली, औषध कोणत्या वयात सुरू केले, आणि पिशव्या मोजल्या की निचरा? आजच्या घडीला स्वभक्षण वाढवून वार्धक्य रोखण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही.